रात्री घरात एकटं राहायची भीती: ती का वाटते आणि पायरीपायरीनं कशी कमी करायची

अंधाराला घाबरणारी मोठी माणसं आपल्या आसपास भरपूर असतात, फक्त ती तसं बोलून दाखवत नाहीत. कोणी म्हणतं, "मला टीव्ही चालू असल्याशिवाय झोपच लागत नाही." कोणी नवरा टूरवर गेला की हटकून बहिणीला राहायला बोलावतं. कोणी रात्री बाथरूमला जाताना वाटेतले सगळे दिवे लावत जातं आणि येताना शेवटचं बटण बंद केलं की पलंगापर्यंत जवळजवळ पळतच येतं. चारचौघांत दांडगा म्हणून ओळखला जाणारा माणूस गावच्या घरी रात्री मागच्या पडवीत एकटा जायचं टाळतो आणि कारण सांगतो की तिकडे साप असतात. (कधी कधी खरंच असतात. त्याबद्दल पुढे.)

हा लेख अशा मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. "त्यात घाबरायचं काय, काही नसतं तिथं," हे वाक्य तुम्ही आयुष्यभर ऐकलं असेल आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसेल. पोहायला शिकणाऱ्याला काठावर उभं करून पाण्याचे नियम समजावण्यातला तो प्रकार आहे. तिथं काही नाही हे तुम्हालाही ठाऊक असतं, तरी छाती धडधडतेच. शरीराला पटतो तो अनुभव: अंधारात एकटे थांबलो, पुरेसा वेळ थांबलो आणि जे होईल असं वाटलं होतं ते झालं नाही. हा अनुभव पद्धतशीरपणे कसा घ्यायचा, तेवढंच इथं सांगायचं आहे.

भीती येते कुठून

सुरुवात डोळ्यापासून करू, कारण निम्मी भुतं तिथंच जन्माला येतात. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात आणि रंग ओळखायला कामी येणाऱ्या शंकूपेशी साधारण ६० लाख, आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. दिवा घालवल्यावर या दंडपेशी पूर्ण क्षमतेनं कामाला लागायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणजे पहिली काही मिनिटं तुम्ही जवळजवळ आंधळे असता. घाबरणारा माणूस नेमका याच वेळात दिवा पुन्हा लावतो. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याला अंधार म्हणून जो काही माहीत असतो तो हा सगळ्यात वाईट मिनिटभराचा. अर्ध्या तासानंतर त्याच खोलीत खिडकीची चौकट, कपाटाची कड, खुर्चीचे पाय दिसायला लागतात, हे त्यानं कधी अनुभवलेलंच नसतं.

दुसरी गंमत. दृष्टिपटलाच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून बघितलं की ती विरून जाते आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसते. दारामागच्या खुंटीवर शर्ट टांगलेला असतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिथं कोणीतरी उभं आहे असं वाटतं, दचकून बघावं तर तिथं काहीच नाही, नजर वळवावी तर पुन्हा उभं. भुताच्या गोष्टींतलं भूत नेमकं असंच वागतं की नाही? अंधुक उजेडात आरशात बघत राहिलं तरी असंच काहीतरी होतं. इटलीतल्या जोव्हानी कापुतो या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हा प्रकार अभ्यासला. मंद उजेडात स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेल्या लोकांना मिनिटभरातच तो चेहरा विद्रूप, परका, कधी दुसऱ्याच कुणाचा दिसायला लागला. ही माणसं ठणठणीत होती. मेंदूला माहिती अपुरी मिळाली की उरलेलं तो स्वतःच्या पदरचं भरतो, आणि बहुतेकदा माणसाचा आकारच भरतो.

आता शरीर. अंधारात माणूस आवाजानं जास्त दचकतो हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. ख्रिस्तियान ग्रियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ते दाखवलं. उंदरांचं मात्र उलट असतं. ते निशाचर, त्यामुळे लख्ख उजेडात जास्त दचकतात. म्हणजे अंधारातलं दचकणं हा दिवसा वावरणाऱ्या प्राण्याचा स्वभाव आहे, तुमच्या एकट्याचा भित्रेपणा नव्हे. या स्वभावाला कारणही आहे. टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी हजाराहून जास्त माणसांवर हल्ले केले. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी त्या हल्ल्यांच्या वेळा तपासल्या, तेव्हा दिसलं की बहुतेक हल्ले दिवेलागणीनंतरच्या काही तासांत झाले आणि पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, म्हणजे संध्याकाळी चंद्र उगवलेला नसताना, ते सगळ्यात जास्त होते. जुन्नर, आंबेगाव भागात उसाच्या फडाला रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही.

एकटेपणाचं गणित याहून वेगळं आहे. अमेरिकेत जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. थोड्या वेळानं विजेचा सौम्य झटका बसू शकतो, असं त्यांना सांगितलेलं होतं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी होती, अनोळखी माणसाचा हात असताना थोडी जास्त, आणि कुणाचाच हात नसताना सगळ्यात जास्त. कोणी सोबत असलं की पहारा वाटून घेतला जातो. एकटं असलं की सगळा पहारा आपल्यावर. म्हणून तर शेजारच्या खोलीत सासूबाई घोरत असल्या तरी निवांत झोप लागते, आणि त्या गावी गेल्या की फ्रिजचा आवाजही मोठा वाटतो.

त्यात आपल्याकडचं बाळकडू. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, झोपत नाही म्हणून बुवा, पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ, वाट चुकवणारा चकवा, तळकोकणात देवचार. सुट्टीत माजघरात ओळीनं गाद्या घालून ऐकलेल्या या गोष्टींची मजा मला कमी करायची नाही. पण त्या ऐकताना मेंदूनं कोऱ्या अंधारात भरायला लागणाऱ्या आकृत्या गोळा करून ठेवलेल्या असतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा तयार होतो.

पहिली पायरी: तुमची भीती नेमकी कशाची ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग भलतंच औषध घेत बसतात. एक आठवडा वही जवळ ठेवा. रात्री भीती वाटली की सकाळी तीन गोष्टी लिहा: कुठे होतो, दिवा होता का, आणि त्या क्षणी काय होईल असं वाटलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. "कसंतरी झालं" असं लिहून भागणार नाही. "बाल्कनीच्या दारातून कोणीतरी आत येईल" असं स्पष्ट लिहायचं.

त्यानंतर दोन प्रश्न स्वतःला विचारा. घरात सगळी माणसं आहेत, पण वीज गेली आहे. भीती वाटते का? वाटत असेल तर तुमचा मुद्दा अंधार. घरभर दिवे लखलखताहेत, पण तुम्ही एकटे आहात. तरी वाटते? मग मुद्दा एकटेपण. अनेकांना फक्त दोन्ही एकत्र आल्यावर वाटते, आणि ते बरंच आहे, कारण मग दोन्हीवर सुटंसुटं काम करता येतं.

वहीत साधारण चार प्रकारची उत्तरं सापडतात. चोर किंवा कोणी माणूस आत शिरेल. भूत, कोणीतरी अदृश्य, "काहीतरी". मला काही झालं तर कुणाला कळणार नाही. हे उत्तर विशेषतः साठीपुढच्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांचं. चौथं उत्तर लोक उशिरा कबूल करतात: एकटं पडलं की डोक्यात विचार सुरू होतात, आणि भीती त्यांचीच असते. हे चौथं उत्तर तुमचं असेल तर दिवा बंद करायच्या सरावानं फारसं साधणार नाही. ते ओझं वेगळं आहे आणि ते कुणाशी तरी बोलून हलकं करायचं असतं. बाकी तिघांनी पुढे वाचावं.

दुसरी पायरी: खऱ्या धोक्याचा बंदोबस्त, आणि तो एकदाच

सगळी भीती खुळी नसते. जी खरी आहे तिला धैर्य दाखवून उपयोग नाही, तिचा बंदोबस्त करायचा.

घराचं दार, त्याची कडी, सेफ्टी डोअर, बाल्कनीचा बोल्ट, स्वयंपाकघराच्या खिडकीचं ग्रिल हे दिवसाउजेडी तपासा. ढिला कोयंडा असेल तर सुतार बोलावून बदलून घ्या. घराची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा, दोन्ही फोनमध्ये वरच ठेवा. तिसऱ्या प्रकारच्या भीतीवाल्यांनी रोज सकाळी ठरलेल्या वेळी एखाद्याला "उठले" एवढा मेसेज करायचा आणि तो आला नाही तर समोरच्यानं फोन करायचा, असं ठरवून घ्यावं. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत एवढ्या एका गोष्टीनं रात्रीची धाकधूक बरीच उतरते.

गावाकडे राहणाऱ्यांसाठी साप. मण्यार रात्रीच बाहेर पडते. तिचा दंश फार दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपायचं टाळा. टाळता येत नसेल तर मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. अंगणात, गोठ्यात, मोरीकडे जाताना बॅटरी आणि पायात पायताण हवंच. पुढे अंधाराचा जो सराव सांगणार आहे तो घरातला आहे. अंगणात बॅटरीशिवाय फिरण्यात कसलंही शौर्य नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर रात्री एकट्यानं बाहेर पडायचा सराव करूच नका. तिथली भीती जागेवर आहे, तिला तशीच राहू द्या.

आता यातली खोच. हा बंदोबस्त एकदा करायचा. झोपण्यापूर्वी कडी एकदा बघायची, हात लावून, तोंडानं "लावली" म्हणून. पुन्हा उठून बघायचं नाही. चार वेळा कडी तपासणारा माणूस चार पटीनं सुरक्षित होत नाही. त्याच्या मेंदूला मात्र दर वेळी संदेश जातो की धोका अजून आहे, म्हणून तर हा उठला.

तिसरी पायरी: घराचे आवाज पाठ करा

अंधारात एकटं असताना डोळ्यांचं काम कान करतात आणि ते जरा जास्तच तत्परतेनं करतात. म्हणून घराला रात्री काय काय आवाज येतात याची ओळख करून घ्यायची. सोबत कोणी असेल अशा एका रात्री, अकराच्या पुढे, सगळं बंद करून अर्धा तास बसा आणि कानोसा घ्या. प्रत्येक आवाज वहीत लिहा आणि तो कशाचा ते उठून शोधा.

पत्र्याचं छप्पर दिवसभर तापून रात्री आकसतं, तेव्हा टक्, टक् असे सुटे आवाज येतात, कोणी वर पाऊल टाकावं तसे. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होताना एक धक्का बसतो आणि आतल्या बाटल्या किणकिणतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरत आलं की पाइपातून हवा घुरघुरते. लिफ्टच्या मोटरचा आवाज वरच्या मजल्यावर भिंतीतून येतो. पाल चुकचुकते. पिंगळे जोडीनं भांडल्यासारखे कलकलाट करतात, तर गव्हाणी घुबड चक्क फिस्कारतं आणि किंचाळतं. कोकणातल्या घराच्या माळ्यावर उदमांजर धावलं की माणूस चालल्यासारखं वाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे बोक्यांचं आणि मांजरींचं रात्रीचं ओरडणं. लहान मूल रडावं तसा हुबेहूब आवाज. विहिरीजवळ मूल रडतं या गावोगावच्या कथेमागे किती मांजरं असतील कोण जाणे.

आवाजाला नाव मिळालं की त्याची निम्मी धार जाते. दुसऱ्या दिवशी रात्री तोच आवाज एकट्यानं ऐकला की मनात "टाकी भरली" एवढंच उमटतं. नव्या घरात राहायला गेल्यावर हा उद्योग पहिल्याच आठवड्यात करावा.

चौथी पायरी: शिडी

हा या लेखाचा गाभा. भीतीच्या जवळ थोडं थोडं जायचं ही पद्धत जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला, तो आवडीचं खात असताना, ससा रोज थोडा जवळ आणून निर्धास्त केलं होतं. पुढे जोसेफ वोल्पे यांनी तिला रीतसर उपचाराचं रूप दिलं आणि भीती शून्य ते शंभर अशी मोजायची सवय लावली. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे बोबडी वळणं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात वन बीएचकेमध्ये राहणारी नोकरदार मुलगी. रूममेट घरी असली की ठीक. ती शनिवार-रविवार गावी गेली की ही हॉलमधला दिवा आणि लॅपटॉप चालू ठेवून सोफ्यावर अंग टाकते आणि पहाटे चारला कशीबशी डोळा लागतो. तिची शिडी साधारण अशी होईल:

रूममेट हॉलमध्ये, आपण बेडरूममध्ये दार लोटून दिवा बंद करून बसणं: ३०.
रूममेट तासभर बाहेर, घरातले दिवे चालू, पण गाणी-टीव्ही बंद: ३५.
एकटीनं, घरभर फक्त स्वयंपाकघरातला दिवा: ४५.
एकटीनं, रात्री नऊ वाजता, हॉलमध्ये पूर्ण अंधारात खुर्चीवर: ५५.
तेच, पण पाठ बेडरूमच्या उघड्या दाराकडे: ६५.
एकटीनं झोपणं, झिरोचा दिवा लावून: ७०.
एकटीनं झोपणं, झिरोही बंद: ८०.
रात्री दोनचा गजर लावून उठणं आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येणं: ९०.

तुमची शिडी वेगळी असेल. आकडे मनानंच द्यायचे, त्यात चूक-बरोबर नाही. सुरुवात तिशीच्या आसपासच्या पायरीपासून करा. पन्नाशीच्या पुढच्या पायरीवर पहिल्याच रात्री उडी मारू नका. वयस्कर मंडळींनी, चक्कर येणाऱ्यांनी अंधारात चालण्याच्या पायऱ्या गाळाव्यात. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा पायाशी उजेड पाडणारा छोटा दिवा केव्हाही चांगला.

प्रत्येक बैठकीत काय करायचं ते सांगतो. आधी वहीत एक वाक्य लिहायचं: आज काय होईल असं वाटतंय. "दहा मिनिटांत मागून कोणीतरी हात ठेवेल आणि मी ओरडेन." हसू आलं तरी लिहायचं. मग गजर अर्ध्या तासावर लावून फोन पालथा ठेवायचा आणि बसायचं. अर्धा तास का, ते वर आलंच आहे: डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या पाच-सात मिनिटांत भीती चढेल, अगदी उठून पळावंसं वाटेल. त्याच वेळी उठलात तर शरीर एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. गजर होईपर्यंत बसा. भीती त्याच बैठकीत पूर्ण उतरलीच पाहिजे असं नाही, थोडी उरली तरी चालतं. गजर झाल्यावर दिवा लावून लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं. बहुतेक वेळा ते "काही नाही, डास चावले" असं निघतं. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी असणं हेच औषध.

एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करा. पुढे कधी जायचं? कंटाळा आला की. भीतीच्या जागी "आता हे अजून किती वेळ?" असं वाटायला लागलं तर ती पायरी संपली समजा.

आता कुबड्यांबद्दल, कारण काम बिघडतं ते इथं. सराव चालू असताना डोक्यावरून पांघरूण घेणं, भिंतीला पाठ लावून बसणं, कानात गाणी, मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून ठेवणं, उशाशी सुरी. या सगळ्या गोष्टींमुळे बैठक पार पडते, पण श्रेय कुबडीला जातं. शरीराला वाटतं, सुरी होती म्हणून बरं. म्हणून शिडीची पायरी हवी तेवढी खाली घ्या, पण तिथं कुबडीशिवाय बसा.

रामरक्षा किंवा मारुतीस्तोत्र म्हणावं का, हा प्रश्न हमखास येतो. ज्यांच्या घरात ते रोज म्हटलं जातं त्यांनी ते जरूर म्हणावं. फक्त वेळ बदला. दिवेलागणीला देवापाशी म्हणा आणि नंतर सरावाला बसा. अंधारात धडधड वाढल्यावर घाईघाईनं पुटपुटलं की त्याचीही कुबडी होते, आणि मधेच ओळ विसरली की आणखी घाबरायला होतं. घरात गंडेदोरे, अंगारे असतील तर त्यांच्यावरून वाद घालत बसू नका. हळूहळू त्यांच्याशिवायची एक पायरी शिडीत घाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री लोकांना घेऊन स्मशानात जातात, त्यामागेही तत्त्व हेच आहे. पण ती समूहात जायची आणि शिडीच्या फार वरची पायरी झाली. तिथून सुरुवात करू नका, आणि मित्रांनी पैज लावली म्हणून तर मुळीच जाऊ नका.

मध्यरात्री अचानक घाबरून जाग आली तर

सरावाच्या दिवसांतही अशी एखादी रात्र येतेच. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. ऐकू येणारे आवाज नावानिशी मोजा: पंखा, रस्त्यावरचं कुत्रं, घड्याळ. कोपऱ्यात काही दिसत असेल तर त्याच्याकडे रोखून बघू नका, थोडं बाजूला बघा. डोळा त्या वस्तूचा खरा आकार ओळखेल. नाहीच जमलं तर एक छोटा दिवा लावा, सगळं घर उजळू नका. फोन हातात घेणं सगळ्यात वाईट. त्या झगझगीत पडद्यानं सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात आणि फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा काळी दिसते.

जाग आली आहे, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसलंय, खोलीत कोणीतरी उभं आहे, असा अनुभव आला असेल तर ती निद्रापक्षाघाताची अवस्था. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंची सुटका काही क्षण उशिरा होते. स्वप्नाचे तुकडे तेवढ्यात खोलीत सांडलेले असतात. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत हे आपोआप सुटतं. पायाचा अंगठा किंवा हाताचं बोट हलवायचा प्रयत्न करा. जागरणं झाली की आणि उताणं झोपलं की हे जास्त होतं, म्हणून झोपेच्या वेळा पाळा आणि कुशीवर झोपा. जागरणाचा भीतीशी तसाही थेट संबंध आहे. २००७ च्या एका प्रयोगात एक रात्र जागलेल्या लोकांच्या मेंदूतलं भीतीचं केंद्र नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त खवळलेलं आढळलं.

मुलांसाठी

दोन-तीन वर्षांच्या आसपास कल्पनाशक्ती फुलू लागते आणि तिच्याबरोबरच अंधाराची भीती येते. शाळेत जायला लागल्यावरही ती बरीच वर्षं राहू शकते, आणि मुलं ती आईवडिलांपासून लपवतात. त्यामुळे आपल्या मुलाला काही वाटत नाही असं समजू नका.

बागुलबुवा आजपासून बंद. आजीलाही सांगा, जरा गोडीत. त्याच्या उलट टोकाला जाऊन पलंगाखाली वाकून "बघ, पळवून लावलं हं" असंही करू नका. त्यानं तिथं काहीतरी होतं हेच सिद्ध होतं. झिरोचा दिवा लावायला काहीच हरकत नाही. "मी पाच मिनिटांनी येऊन बघते" म्हणालात तर खरंच पाच मिनिटांनी या, मग दहानं, मग पंधरानं. मूल झोपेपर्यंत शेजारी पडून राहण्यापेक्षा हे जाणं-येणं त्याला जास्त शिकवतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना एक मऊ खेळण्यातलं कुत्रं दिलं. काहींना सांगितलं की हा तुझं रक्षण करेल, काहींना सांगितलं की हा बिचारा आहे, रात्री तू त्याला सांभाळ. दोन्ही गटांतल्या मुलांची रात्रीची भीती कमी झाली. मला दुसरी युक्ती जास्त आवडते.

आणि अंधाराला खेळाची जागा करा. आंधळी कोशिंबीर, दिवे बंद करून लपाछपी, भिंतीवर हाताच्या सावल्यांचे ससे-हरणं. आठवडाभर हसत खेळलेली खोली झोपताना परकी वाटत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं

भीतीमुळे नोकरी, शिक्षण, प्रवास अडत असेल आणि हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल. रात्री छातीत धडधडून, घाम फुटून आता जातोच असं वाटत असेल. किंवा भीती एखाद्या खऱ्या घटनेनंतर, चोरी, अपघात, अत्याचार यानंतर सुरू झाली असेल, तर घरच्या घरी शिडी चढू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका.

दोन गोष्टी डोळ्यांआड होतात. म्हाताऱ्या माणसाला कधी नव्हे ते अचानक रात्री माणसं दिसायला लागली, तर ती भीती समजू नका. जंतुसंसर्ग, एखादं नवं औषध, स्मृतिभ्रंश, अधू झालेली दृष्टी, यांतलं काहीही असू शकतं, आणि ते लगेच दाखवायला हवं. तसंच अंधार पडला की एखादं मूल चाचपडत असेल, ठेचकाळत असेल तर डोळे तपासा. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं रातांधळेपणा येतो, आणि ज्याला खरंच दिसत नाही त्याला "घाबरट" म्हणणं अन्यायच.

भगताकडे न्यायचा आग्रह घरातून होतो, विशेषतः सुनांच्या बाबतीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

गावच्या घरी भीती परत आली तर

शहरातल्या फ्लॅटमध्ये निर्धास्त झालेला माणूस गणपतीत गावी जातो आणि पहिल्याच रात्री मागच्या पडवीत पाय अडतो. सगळं पाण्यात गेलं असं त्याला वाटतं. तसं झालेलं नसतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी शिकवण तयार होते आणि ती जिथं शिकलो त्या जागेला थोडी चिकटलेली असते. म्हणून सराव दोन-तीन ठिकाणी करावा: आपलं घर, गावचं घर, हॉटेलची किंवा नातेवाइकांची खोली. नव्या जागी, आजारपणानंतर किंवा घरात कोणी गेल्यानंतर भीती पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा जिथं पोचला होतात त्याच्या दोन पायऱ्या खालून सुरू करा. दुसऱ्या खेपेला चढायला वेळ कमी लागतो. पडवीच्या बाबतीत सांगायचं तर पहिल्या रात्री माजघरात खुर्ची टाकून दार उघडं ठेवून बसा, दुसऱ्या रात्री खुर्ची उंबऱ्याला लावून, आणि पडवीत जायच्या आधी दिवसा तिथली अडगळ हलवून कोपरे झाडून घ्या, म्हणजे सापाची सबब उरणार नाही.